‘अ बिट ट्रिकी’ म्हणजे नक्की किती अवघड?

हिंजवडीत नोकरीला लागून मला चार महिने झाले होते. जुन्या बिलांचा डेटा नव्या सिस्टीममध्ये न्यायचं काम निघालं. कॉलवर लंडनचा क्लायंट म्हणाला, ‘धिस माइट बी अ बिट ट्रिकी.’ मी वहीत लिहिलं : थोडं किचकट, दोन दिवस. लागले तीन आठवडे! टीम लीडनं बाजूला घेऊन सांगितलं, “अगं, इंग्रज माणूस ‘अ बिट’ म्हणाला की आपण ‘बरंच’ ऐकायचं.”

ब्रिटिश मंडळी बऱ्याचदा अडचण लहान करून सांगतात. त्यांच्या तोंडी ‘क्वाइट अ चॅलेंज’ आलं की शिवधनुष्य समजा. ‘दॅट्स अ टॉल ऑर्डर’ म्हणजे तर मागणीच जवळजवळ आवाक्याबाहेरची आहे.

सोप्या कामाला ‘पीस ऑफ केक’ म्हणतात, आपला डाव्या हाताचा मळ. मित्रांत ठीक, क्लायंटपुढे ‘स्ट्रेटफॉरवर्ड’ बरं. ‘नो-ब्रेनर’ मात्र कामाला नाही, निर्णयाला लावायचं : ज्यात विचार करण्यासारखं काही नाही असा निर्णय. आणि अडलेल्या माणसाला ‘इट्स नॉट रॉकेट सायन्स’ कधीही म्हणू नका. मी शेजारच्या मुलीला धीर द्यायला म्हणून ते म्हणाले. तिला ऐकू आलं, ‘एवढंही येत नाही?’ दिवसभर ती माझ्याशी बोलली नाही.

मराठी माध्यमातून आलेल्या आपल्यासारख्यांची गाडी खरी अडते ती वाक्यात. मनात असतं ‘मला हे अवघड जातंय’, आणि घाईत तोंडून निघतं ‘आय अ‍ॅम डिफिकल्ट’. त्याचा अर्थ होतो, मी अवघड स्वभावाची आहे! म्हणायचं असतं ‘आय अ‍ॅम फाइंडिंग धिस डिफिकल्ट’. हे एक वाक्य पाठच करून टाका. ‘हार्डली’चंही तसंच. ‘आय वर्क्ड हार्ड’ म्हणजे कष्ट केले. ‘आय हार्डली वर्क्ड’ म्हणजे जवळजवळ कामच केलं नाही. अप्रेझलच्या वेळी हा फरक महागात पडतो.

अवघड आहे असं सांगण्यात कमीपणा नाही, पण ‘डिफिकल्ट’ एकटं सोडू नका. नुसता वेळ खाणारं काम ‘टाइम-कन्झ्युमिंग’, तेच तेच करून जीव कंटाळवणारं ‘टीडियस’, एकात एक गुंतलेलं ‘कॉम्प्लेक्स’. नेमका शब्द वापरला की समोरच्याला कळतं, तुम्हाला दिवस हवेत, माणसं हवीत की माहिती.

पुढच्या वेळी तसंच काम आलं तेव्हा मी म्हणाले, ‘इट लुक्स स्ट्रेटफॉरवर्ड, बट द ओल्ड डेटा कुड बी मेसी. कॅन आय हॅव टू डेज टू चेक?’ दोन दिवस मिळाले. पहिल्याच दिवशी दुपारी तारखांचे तीन वेगवेगळे फॉरमॅट सापडले.