वाचनासाठी नवा टॅब घेताय? या चुका टाळा

जुन्या टॅबची काच तडकली किंवा बॅटरी दुपारपर्यंतही पुरेनाशी झाली की आपण सेलच्या जाहिराती चाळतो आणि रॅम, कॅमेरा, किंमत असा हिशेब मांडतो. टॅब मुख्यतः वाचायला हवा असेल तर सुरुवात दुसरीकडून करावी: आपण वाचतो त्या फायली कुठल्या?

इंग्रजी वाचणाऱ्याचं बरं असतं. इपब म्हणजे ई-पुस्तकाची फाइल उघडली, अक्षर मोठं केलं, ओळी आपोआप नव्याने लागल्या. आपल्याकडे बहुतेकदा पीडीएफचा ढीग असतो. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावरून उतरवलेले ग्रंथ, जुन्या पुस्तकांचे स्कॅन, कुणी पाठवलेले दिवाळी अंक. स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. त्यात अक्षर एकटं मोठं होत नाही, अख्खं पान फुगतं आणि मग दर ओळीला ते डावी-उजवीकडे सरकवत बसावं लागतं. टाइप केलेली पीडीएफ जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टातली असेल तर शब्द शोधून सापडत नाही, कॉपी केला तर भलतीच अक्षरं उमटतात. लोक याचा राग टॅबवर काढतात. दोष फायलीचा आहे; ४० हजारांचा टॅब घेतला तरी तो जाणार नाही.

म्हणून पहिली चूक म्हणजे पडद्याचा आकार किमतीवरून ठरवणं. डेमी आकाराचं मराठी पुस्तक साडेपाच बाय साडेआठ इंचांचं असतं. १०.१ इंची, १६:१० प्रमाणाचा पडदा उभा धरला तर तो साधारण ५.३५ बाय ८.५७ इंच भरतो. म्हणजे छापील पान जवळपास मूळ मापात दिसतं. तेच पान ८ इंची टॅबवर सव्वाचार इंच रुंदीत कोंबलं जातं. ११ पॉइंटचं अक्षर साडेआठ पॉइंटचं होतं आणि तळटीपा तर विसराच. चाळिशी लागली असेल तर या बाबतीत काटकसर करू नका. उलट, तुम्ही फक्त किंडल ॲपवरच्या कादंबऱ्या आडवं पडून वाचत असाल तर ८ इंची टॅबच बरा. मोठा टॅब कव्हरसकट अर्ध्या किलोच्या वर जातो आणि मनगट अर्ध्या तासात तक्रार करतं.

आकार बरोबर निवडला तरी खोक्यावरच्या ‘एचडी’ या शब्दाने फसायला होतं. १०.१ इंचांत १२८० × ८०० ठिपके म्हणजे इंचाला जेमतेम १५०. १९२० × १२०० असतील तर २२४. इंग्रजीला पहिला आकडा एकवेळ चालून जाईल, पण बारीक टाइपातल्या ‘राष्ट्र’मधला ष्ट्र किंवा ‘शुद्ध’मधला द्ध त्यावर काळा डाग होऊन बसतो. दुकानात जाताना आपल्याकडची सगळ्यात खराब पीडीएफ गुगल ड्राइव्हवर टाकून न्या, नमुन्याच्या टॅबवर उतरवून उघडा आणि उजेड अगदी कमी करून बघा. रात्री वाचताना तेवढाच लागतो. विक्रेता चित्रपटाचा ट्रेलर दाखवेल, तो बघून काही कळत नाही.

ई-इंकचं, म्हणजे कागदासारख्या पडद्याचं किंडल यंत्र डोळ्यांना सुखाचं, पण त्यावर मराठी ई-पुस्तकं देणाऱ्या बुकगंगाचं ॲप टाकता येत नाही, आणि रोजच्या इतर कामांनाही ते उपयोगाचं नाही. अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून स्वस्तातला ॲमेझॉन फायर मागवायचा विचार असेल तर त्यात गुगलचं प्ले स्टोअर मुळात नसतं, हे आधी लक्षात घ्या.

रोजच्या वापरातली मोठी गफलत सिमची. फक्त वायफायवाला टॅब स्वस्त पडतो, पण यूपीआयची नोंदणी करताना त्याच यंत्रातल्या सिमवरून एसएमएस जावा लागतो. पैसे फोनवरूनच देत असाल तर काही अडत नाही. ३२ जीबी स्टोरेज मात्र घेऊ नका. त्यातला बराचसा भाग अँड्रॉइडच खातं. मेमरी कार्डावर पीडीएफ मावतात, ॲप्स मात्र बहुतेक त्यावर ठेवता येत नाहीत. आणि सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार, हे जुनं मॉडेल सवलतीत घेताना हमखास विचारा.

नवा टॅबही पानं उलटताना अडखळला तर लगेच परत करायला धावू नका. जड स्कॅन ड्राइव्हमध्येच उघडला असेल तर तसं होतं. फाइल उतरवून घ्या आणि लिब्रेरासारख्या ॲपमध्ये उघडा. त्यात समास कापायची सोय आहे. चारी बाजूंचा कोरा कागद गेला की अक्षर लगेच मोठं दिसतं. तरी बारीक वाटलं तर टॅब आडवा करून अर्धं अर्धं पान वाचा आणि पडदा फिरणं बंद ठेवा.

जुना टॅब कुणाला देण्याआधी त्यात उतरवलेल्या फायली हलवा. किंडलमधल्या खुणा खात्यासोबत येतात, पीडीएफवर केलेल्या येतीलच असं नाही. मग सेटिंगमधून गुगल खातं काढा आणि त्यानंतरच रीसेट मारा. खातं तसंच ठेवून बटणं दाबून रीसेट केला तर सुरू होताना तो तुमचाच जुना पासवर्ड मागतो, आणि ज्याला दिला तो तुम्हाला फोन करत बसतो.