प्रशिक्षणातली गुडघेदुखी आणि ग्वाल्हेरची रजा

सैनिकी प्रशिक्षणात पाठीवर वजन घेऊन धावण्याचा सराव वाढला, तशी जिना उतरताना माझ्या गुडघ्याच्या वाटीमागे कळ येऊ लागली. वैद्यकीय रजेवर ग्वाल्हेरला घरी आल्यावर अस्थिरोगतज्ज्ञांनी अस्थिबंध (हाडांना जोडणारे पट्टे) शाबूत असल्याची खात्री केली आणि मांडीचे व नितंबाचे स्नायू कमी पडल्यामुळे वाटीवर ताण येतो, असे सांगितले. आईचा आग्रह पूर्ण विश्रांतीचा होता. मला मात्र मोजका व्यायामच उपयोगी पडला: पाय सरळ ठेवून उचलणे, कुशीवर झोपून वरचा पाय उचलणे आणि पुढे कमी उंचीच्या पायरीवर चढउतार. दुसऱ्या दिवशी दुखणे वाढले नाही, तरच भार वाढवायचा, हे मी काटेकोरपणे पाळले. उतरताना वाटीवर अधिक भार येत असल्याने ग्वाल्हेरच्या किल्ल्याचा उरवाई दरवाजाकडचा उताराचा रस्ता सर्वांत शेवटी ठेवला. गुडघा सुजला, अडकला किंवा डगमगला, तर मात्र व्यायाम थांबवून डॉक्टरांनाच दाखवावे.