आयटीआयमधली घसरती हजेरी: निदेशकांनो, या चुका टाळा

फिटरच्या, म्हणजे यंत्राचे भाग बनवून जोडायला शिकणाऱ्या वीस जणांच्या तुकडीत एखादं पोरगं पहिल्यांदा दांडी मारतं, तेव्हा कारण बहुधा खरं असतं. घरी आजारपण असतं, शेतात माणूस कमी पडतो, नाहीतर एसटी चुकते. पुढच्या दांड्या मात्र त्या पहिल्या दांडीमुळं पडतात. साताऱ्याकडं आयटीआयचा निदेशक, म्हणजे शिक्षक म्हणून शिकवताना हे माझ्या उशिरा ध्यानात आलं, आणि तोवर चांगल्या हाताची काही पोरं हातची गेली.

त्यातला एक जावळीकडचा. भातकाढणीला आठ दिवस घरी राहिला. परत आला तेव्हा बाकीच्यांची सरावाची लोखंडी प्लेट कानशीनं घासून सपाट होऊन, काटकोनात बसून ते मार्किंग आणि ड्रिलिंगवर (खुणा करणं आणि भोकं पाडणं) गेले होते. ह्याच्या प्लेटची एक बाजूही अजून सरळ नव्हती. मी त्याला सगळ्यांदेखत तासभर दारात उभं केलं. दुसऱ्या दिवशी तो आला, तिसऱ्या दिवसापासून आला नाही. पुढं मित्राकडून कळलं की तो रोज पासवर साताऱ्याच्या स्टँडपर्यंत यायचा, दुपारपर्यंत तिथंच बसायचा आणि परतीची गाडी धरायचा. घरच्यांना वाटायचं पोरगं शाळेत आहे.

परत आलेल्याला दारात उभं करू नका

तो येणार त्या दिवशी पहिल्या तासाला त्याला कुठल्या व्हाइसवर (काम पकडायच्या शेगड्यावर) उभं करायचं आणि कोणता जॉब, म्हणजे सरावाचं काम द्यायचं, हे आदल्या दिवशीच ठरवून ठेवा. राहिलेलं काम वगळून त्याला थेट ड्रिलिंगला लावलं तर ते काम कच्चं राहतं. आणि सगळं पहिल्यापासून करायला लावलं तर तो आणखी मागं पडतो. मी आता लहान आकाराची प्लेट देतो. काम कमी होतं, पण सपाटपणा आणि काटकोन ट्राय स्क्वेअर (गुण्या) लावून तपासल्याशिवाय पुढं सोडत नाही. शेजारच्या व्हाइसवर त्याच्या गावाकडचा, हात बसलेला एखादा मुलगा उभा करतो. मला विचारायला लाजणारं पोरगं त्याला बिनदिक्कत विचारतं. दोन-तीन दिवसांत ते बरोबरीला येतं.

चौकशीचा फोनही दुसऱ्या दिवशीच करा, आणि आधी मुलालाच करा. "का आला नाहीस?" म्हटलं की सबब मिळते. "कुठल्या जॉबवर अडलंय?" असं विचारलं की खरं बाहेर येतं. पहिलाच फोन वडिलांना गेला तर घरी मार बसतो आणि पुढच्या वेळी नंबर बदललेला असतो.

सगळ्या गैरहजेऱ्या एकाच मापानं मोजू नका

आपल्या जिल्ह्यात पोरांच्या सुट्या बऱ्याच अंशी आधीच सांगता येतात. दिवाळीनंतर कराड-कोरेगावकडं ऊसतोड सुरू होते. थंडीत वाई, जावळी, महाबळेश्वरकडं स्ट्रॉबेरीच्या तोडणीला घरातली सगळी माणसं लागतात. पौष पौर्णिमेला मांढरदेवची यात्रा. चैत्रात शिंगणापूरची, शिवाय गावोगावच्या जत्रा. यातलं काहीही अचानक येत नाही. तरी आपण दरवर्षी चिडतो.

सत्र सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाचं गाव, घरचं पीक आणि येण्याची गाडी लिहून घ्या. गाडीची नोंद फार कामाची आहे. ज्याच्या गावातून सकाळी फक्त मुक्कामाची एसटी सुटते, त्याची ती चुकली तर तो दिवसच गेला. रोज उशिरा येणाऱ्या अशा तीन-चार जणांना ओरडण्यापेक्षा प्राचार्यांच्या सहीनं आगाराला गाडीच्या वेळेबद्दल अर्ज द्या. मुलांनी दिलेल्या अर्जापेक्षा संस्थेच्या अर्जाला वजन असतं.

तोडणीच्या दिवसांत पालकांना बोलावून बोला. "पाठवा नाहीतर नाव काढतो" असली भाषा नको. सलग आठ दिवस घरी ठेवण्यापेक्षा आठवड्यातला एक दिवस ठेवा, असं मी सांगतो, आणि बरेच पालक ऐकतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 'कमवा व शिका'ची वाट याच साताऱ्यात घालून दिली. इथं शेतात राबून शिकायला येणाऱ्या पोराला गुन्हेगारासारखं वागवणं मला तरी पटत नाही.

ऐंशी टक्क्यांची गोष्ट शेवटच्या महिन्यात सांगू नका

आयटीआयच्या शेवटच्या, म्हणजे अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला बसायला ऐंशी टक्के हजेरी लागते, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. पण टक्के सतरा-अठरा वर्षांच्या पोराला जाणवत नाहीत, दिवस जाणवतात. नव्या अभ्यासक्रमात वर्षाला 1200 तास आहेत. त्याचे ऐंशी टक्के म्हणजे 960. उरले 240. दिवसाला सहा तास धरले तर चाळीस दिवस. आजारपण, जत्रा, तोडणी, लग्नं सगळं त्यातच बसवायचं. प्रत्येकाच्या जॉब डायरीच्या पहिल्या पानावर चाळीस चौकोन आखून घ्या आणि दांडी पडली की एक चौकोन त्यालाच काळा करायला सांगा. डिसेंबरातच पंचवीस चौकोन काळे दिसले की मुलगा आपणहून येऊन विचारतो.

हजेरी जुळवून देऊ नका

दया म्हणून केलेली ही चूक सगळ्यात महाग पडते. 1200 पैकी 840 तास प्रात्यक्षिकाचे आहेत. कागदावर भरलेले तास हातात उतरत नाहीत. तो मुलगा पास होतो, शिरवळला किंवा किर्लोस्करवाडीला कारखान्यात मुलाखतीला जातो, कुणी हातात व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) देतं आणि त्याला माप वाचता येत नाही. त्या दिवशी आपण त्याच्या शेजारी नसतो.

पोरं आली, पण काम कुठाय?

हे लिहिताना संकोच वाटतो, पण वगळता येत नाही. मुलगा पहाटे उठून तीस किलोमीटर येतो आणि वर्कशॉपमध्ये कळतं की माल नाही, ड्रिल मशीन बंद आहे, सर मीटिंगला गेलेत. असे दोन दिवस गेले की तिसऱ्या दिवशी तो घरच्या रानात जातो. तिथं निदान काम तरी असतं. सोमवारची हजेरी माझ्याकडं कायम कमी असायची. म्हणून शनिवारी सुटायच्या आधी दोन मुलांना घेऊन सोमवारच्या वीस प्लेटा हॅकसॉनं (लोखंड कापायच्या करवतीनं) कापून प्रत्येकाच्या व्हाइसवर नावानिशी ठेवायला लागलो. सोमवारी एखादी प्लेट तशीच पडून राहिली की कुणाला फोन करायचा ते रजिस्टर उघडायच्या आधीच कळतं.