अ‍ॅग्नॉस्टिक फ्रंट या हार्डकोर पंक (वेगवान, आक्रमक रॉक) बँडच्या शोला पहिल्यांदा जाताय?

आधी 'व्हिक्टिम इन पेन' ऐका. १९८४ चा हा अल्बम साधारण १५ मिनिटांचा आहे, म्हणजे चहा होईस्तोवर ऐकून संपतो. मग १९९८ चं 'गॉटा गो' हे गाणं पाठ करा. ते अख्खा हॉल एकसुरात ओरडतो.

विनी स्टिग्माने १९८० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये बँड उभा केला. क्यूबात जन्मलेला रॉजर मिरेट पुढे गायक म्हणून आला. सीबीजीबी क्लबमधल्या रविवार दुपारच्या शोंमध्ये हा आवाज घडला. रॉजरचा सावत्र भाऊ फ्रेडी लहानपणीच यांच्याबरोबर स्टेजवर गायचा, पुढे तो मॅडबॉल या बँडचा गायक झाला. मला हा बँड आवडतो तो या घरपणामुळे.

आता तयारी. बुटांच्या नाड्यांना दुहेरी गाठ मारा, चष्मा-साखळी काढून ठेवा, कानात इअरप्लग हवेतच. स्टेजसमोर मधोमध पिट होतो, म्हणजे लोक एकमेकांवर आदळत नाचतात; तिथे धक्के बसणारच. नुसतं बघायचं असेल तर साउंडवाल्याच्या टेबलाजवळ उभे राहा, तिथे आवाजही सर्वांत स्वच्छ लागतो.

पिटमध्ये शिरलात तर हात छातीपुढे, कोपरं आत. कुणी पडलं की नाचणं थांबवायचं, बगलेत हात घालून उचलायचं, तो सावरला की मगच सोडायचं. यात हयगय मला खपत नाही. आणि विनी गिटारसकट गर्दीत उतरला, तर त्याच्याभोवती जागा करून द्या. वायर पायाखाली येऊ देऊ नका.