रणगाड्यावर मुंबईचा पावसाळा चढवू नका: मॉडेलचं वेदरिंग (जुनं, वापरलेलं दिसेल असं रंगवणं) करताना होणाऱ्या चुका

गेल्या गणपतीत भाचा घरी आला होता. शोकेसमधला माझा सेंच्युरियन रणगाडा त्याने बराच वेळ निरखला आणि विचारलं, "मामा, हा दारूखान्याच्या भंगारातून उचलून आणलाय का?"

दीड महिना खपून केलेलं १/३५ चं, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचं, प्लास्टिक मॉडेल. डिसेंबर १९७१ च्या भारत-पाक युद्धात शकरगढ भागात, बसंतर नदीपाशी पूना हॉर्स या आपल्या रणगाडा रेजिमेंटचे सेंच्युरियन लढले, त्यातला एक करायचा होता. पण पोराचं काही चुकलं नव्हतं. अंगभर नारिंगी गंज, चाकांना लालभडक चिखल आणि सगळ्यावर पांढरट साय. तिन्ही गोष्टी मुंबई-कोकणाकडच्या. शकरगढची एकही नाही.

गंज कुठे, किती

आपण खाऱ्या हवेत राहतो. खिडकीचं ग्रिल, गॅस सिलिंडरचा तळ, जिन्याखालची सायकल, दोन पावसाळ्यांत सगळ्याला खपल्या धरतात. त्यामुळे जुनं लोखंड म्हटलं की हात आपोआप नारिंगी रंगाकडे जातो. लढाईतल्या रणगाड्यावर मात्र क्रू रोज राबत असतो. तो धुळीने माखतो, खरचटतो, पण ग्रिलसारखा सडत नाही. रंग खरवडला गेला तर आधी खालचा प्रायमर दिसतो. त्याच्याही खाली गेलं तर गडद, तपकिरीकडे झुकणारं पोलाद.

म्हणून ओरखड्यांसाठी नारिंगी घेऊच नका, काळपट तपकिरी घ्या. पॅकिंगमधल्या फोमचा तुकडा रंगात बुडवून आधी रद्दी पेपरवर टिपा, जवळजवळ कोरडा झाला की मगच मॉडेलला लावा. जागाही ठरलेल्या असतात: जवान जिथे पाय देऊन चढतात त्या कडा, हॅचची (वरच्या झाकणाची) किनार, टूलबॉक्सचे कोपरे. टरेटच्या (तोफेच्या फिरत्या बुरुजाच्या) मधोमध, जिथे कुणाचा बूट पोचत नाही, तिथे ओरखडे कशाला? हिशोबही डोक्यात असू द्या. मॉडेलवरचा १ मिमीचा ठिपका म्हणजे खऱ्या गाडीवर साडेतीन सेंटिमीटरचा घाव. असे शंभर ठिपके दिलेत तर गाडी कारखान्यातून नाही, खडी फोडायच्या यंत्रातून आल्यासारखी दिसते.

हौस भागवायची तर सायलेन्सर आहेत. सेंच्युरियनचे मागच्या मडगार्डवर दोन्ही बाजूंना असतात. उष्णतेने त्यांचा रंग जळतो, तिथे गंज शोभतो. एम-११३ हे चिलखती वाहन करत असाल तर बॉडीवरचा गंज विसराच, ती अॅल्युमिनियमची आहे. आणि रोडव्हीलच्या, म्हणजे खालच्या चाकांच्या, रबरी धावेवर गंज चढवणारे महाभागही मी पाहिलेत. (एकदा मीच होतो.)

ट्रॅकसाठी (चाकांभोवतीच्या साखळपट्ट्यासाठी) पुस्तक उघडायची गरज नाही. परळच्या फलाटावर उभं राहून खाली रुळांकडे बघा. चाक जिथे घासतं तो वरचा पट्टा चकचकीत आणि बाजूची भिंत मंद तपकिरी. पोलादी ट्रॅकचं गणित तेच आहे: जमिनीला लागणारा उंचवटा घासून चमकतो, बाकीचा मळकट राहतो. पेन्सिलीचं शिसं बोटावर घेऊन त्या उंचवट्यांवरून फिरवलं तरी काम होतं.

गंज आधीच जास्त झाला असेल तर मॉडेल फेकू नका. मूळ रंग पातळ करून फोमने तुटक तुटक त्यावर टिपत जा. गंज मागे सरतो आणि रंगाला वर छटांचा खेळ मिळतो.

गावची माती गावातच बरी

लाल चिखल मी राजापूरहून आणला होता, चक्क डबा भरून. कोकणातली जांभ्याची माती दिसते सुंदर, पण पंजाब-जम्मूच्या मैदानात नद्यांनी आणलेला गाळ आहे, फिकट, करडा-पिवळसर. राजस्थानातल्या लोंगेवालाचा देखावा करायचा तर त्याहून वेगळी, वाळवंटाची फिकट रेती हवी. गाडी कुठली, महिना कोणता, हे ठरवल्याशिवाय मातीला हात लावू नये.

दुसरी चूक भरडपणाची. चहाच्या गाळणीने गाळलेली माती या स्केलला खडीसारखी दिसते. वस्त्रगाळच लागते. मी आता मुलतानी मातीत चिमूटभर गेरू आणि थोडी राख कालवतो, धूळ छान जमते. रांगोळी वापरू नका, तिचे कण उजेडात चमकतात. खरी माती वापरायचीच असेल तर तव्यावर भाजून घ्या, नाहीतर श्रावणात रणगाड्यावर बुरशी उगवते. चिखल खालून वर चढतो, चाकांपाशी जाड, वर जाईल तसा विरळ. टरेटवर फक्त धूळ.

पांढरी साय

स्प्रेकॅनचं मॅट वार्निश जुलैत बाल्कनीत मारलं आणि हिरवा रणगाडा दह्यात बुडवल्यासारखा झाला, ही तक्रार मुंबईकराने केली नाही असं होत नाही. वार्निशमधला द्रव झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं. कॅन नीट हलवला नसेल तरी तोच अनुभव येतो, कारण मॅट करणारी पूड तळाशी बसलेली असते. दोन मिनिटं घड्याळ लावून हलवा. पाऊस कोसळत असेल त्या दिवशी वार्निश नकोच. साय आलीच तर वाळू द्या आणि वरून ग्लॉसचा पातळ हात मारा, बहुतेक वेळा धुकं विरतं. मग कोरड्या दिवशी पुन्हा मॅट. रंग फवारणारा एअरब्रश मध्येच पाणी थुंकत असेल तर कॉम्प्रेसरला मॉइश्चर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारा सापळा) बसवा. तो आपल्या हवेत चैन नाही, गरज आहे.

डिकलखाली (पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणा-आकड्यांखाली) चंदेरी चकाकी दिसली तर ती हवा आहे. खडबडीत मॅट रंगावर डिकल बसतच नाही. आधी ग्लॉस, मग डिकल, मग डिकल मऊ करणारं सॉफ्टनर, शेवटी मॅट.

वॉश आणि थिनर

पॅनेलच्या रेघा उठाव्यात म्हणून पूर्ण गाडीवर वॉश (खूप पातळ केलेला गडद रंग) ओतला तर ती नुसती मळकी होते. बारीक ब्रशने रेघेत आणि रिव्हेटभोवतीच टेकवा, बाकीचं काम द्रव आपण होऊन करतो. कॅमलचे ऑइल कलर यासाठी उत्तम, फक्त आधी पुठ्ठ्यावर अर्धा तास पिळून ठेवा. पुठ्ठा जवसाचं तेल शोषतो आणि रंग चमकत नाही.

पातळ करायला टर्पेंटाइन घ्या. हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर प्लास्टिक विरघळवतं. टर्पेंटाइनही मोकळ्या हाताने नको. सांध्यांत साचलं तर ताणाखालचं प्लास्टिक तडकतं, एका रात्रीत माझा अॅक्सल असाच निखळला. खाली अॅक्रिलिकचा थर पूर्ण वाळलेला हवा. पावसाळ्यात त्याला दोन दिवस द्या.

जोडणीबद्दल दोनच गोष्टी. स्प्रू (सुटे भाग जोडलेली प्लास्टिकची चौकट) भांड्याच्या साबणाने धुवा, साच्याचं तेलकट आवरण राहिलं तर रंग सोलून निघतो. आणि चाकं चिकटवली की गोंद ओला असतानाच मॉडेल काचेवर ठेवा. पन्नास टनांच्या वर वजनाची गाडी एक चाक हवेत ठेवून उभी राहत नाही.

त्या सेंच्युरियनची लाल माती मी ओल्या ब्रशने काढली, अर्धा गंज झाकला. भाचा दिवाळीत आला तेव्हा शोकेसपाशी दोन मिनिटं थांबला, मग म्हणाला, "मागचं ते जळकं नळकांडं भारी आहे." सायलेन्सर मी तसाच ठेवलाय.