नवी रायफल आणि चुकीचं काडतूस: या चुका टाळा

ग्वाल्हेरच्या जुन्या मराठी वाड्यांत रायफल दोन वाटांनी येते: आजोबांच्या पश्चात वारसाने, नाहीतर लायसन्स हातात पडल्यावर दुकानातून. वाट कुठलीही असो, पहिला प्रश्न ठरलेला. गेल्या दिवाळीत शहराच्या लष्कर भागातल्या आमच्या वाड्यात भाच्याने तोच विचारला. नवी कोरी .३१५ बोअरची रायफल मांडीवर, शेजारी आजोबांचा चामडी पट्टा आणि त्यात खोचलेली वीसेक काडतुसं. "मामा, ही चालतील ना? बोअर तर तोच आहे."

बोअर, म्हणजे नळीच्या आतला व्यास, तोच होता. काडतुसं मात्र चालणार नव्हती.

त्याचं कारण त्या पट्ट्यात होतं. चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं पितळाला खातात. वर्षानुवर्षं पट्ट्यात राहिलेल्या काडतुसावर हिरवट कीट चढतं. ते पुसून चकाकी आणता येते, पण आतून पितळ किती कमजोर झालंय ते दिसत नाही. असं काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, फाटलं तर तापलेला वायू बोल्टच्या (मागून नळी बंद करणाऱ्या दांड्याच्या) बाजूने, म्हणजे चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येतो. काडतुसं चामड्यात नाही, मूळ डब्यात, कोरडी आणि थंड जागी ठेवायची. पत्र्याच्या माळ्यावर तर नकोच. इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि तापलेली दारू नेहमीपेक्षा जास्त दाब देते. गंजू नयेत म्हणून तेलाचा हात फिरवणारेही पाहिलेत. तेल टोपीत, म्हणजे बुडातल्या बार पेटवणाऱ्या भागात, झिरपलं की बार उडत नाही.

सगळ्यात मोठी चूक नावावर विश्वास ठेवण्याची. काडतुसांची नावं म्हणजे आपल्याकडच्या नातेवाइकांसारखी, एकाच माणसाला तीन हाका. .२७५ रिग्बी आणि ७×५७ मॉझर हे एकच काडतूस. जिम कॉर्बेट यांना १९०७ साली चंपावतच्या वाघिणीसाठी बक्षीस मिळालेली रायफल याच बोअरची. उलट .३१५ ला काहीजण ८ एमएम म्हणतात आणि मग '८ एमएम मॉझर' ऐकून दोन्ही एकच समजतात. .३१५ म्हणजे मूळचं ऑस्ट्रियाचं ८×५० मॅन्लिकर, बुडाला कड असलेलं. मॉझरचं ८×५७ लांब, बिनकडेचं आणि जास्त दाबाचं. नाव सारखं म्हणून एकाच्या जागी दुसरं कधीच नाही.

आकडेही सरळ मोजलेले नसतात. .३१५ हे नळीच्या आतल्या पेचांच्या उंचवट्यांमधलं अंतर; गोळी प्रत्यक्षात .३२३ इंचांची. .३०३ ची गोळी .३११ ची. कॅलिपर लावून 'बसतंय' असं ठरवणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

आपल्याकडे .३१५ इतकी का चालते, याचं उत्तर इंग्रजांच्या भीतीत आहे. फौजेची काडतुसं लोकांच्या हाती लागू नयेत म्हणून .३०३ नागरिकांना बंद होतं. १९०७ च्या सुमारास .४५० बोअरवरही बंदी आली, तेव्हा विलायती कारागिरांनी .४६५ आणि .४७० काढली. .३१५ त्याच पळवाटेतून रुजली आणि पुढे इशापूरच्या कारखान्यात बनू लागली. स्पोर्टिंग काडतुसांवर दिसणारी 'केएफ' ही अक्षरं पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्याची. तो १८६९ पासूनचा.

तेव्हा दुकानात जाण्याआधी नळीवर कोरलेलं स्वतः वाचा, कागदावर उतरवा आणि लायसन्सवरच्या नोंदीशी जुळवा. दुकानदार कपाटात असेल ते सुचवतो, त्यात त्याचाही फार दोष नाही. लायसन्समध्ये नसलेल्या बोअरचं काडतूस घरात सापडलं तर गुन्हा तुमचा. नळीवर अक्षरं झिजली असतील तर जाणत्या बंदूकसाजाकडून चेंबरचा साचा काढून घ्या. अंदाज नको.

रायफलीचा विषय जरा बाजूला ठेवून सांगतो, कारण अशा घरात छऱ्यांची बारा बोअर बंदूकही हमखास असते. अंगाने बारीक असलेलं २० बोअरचं काडतूस १२ बोअरच्या नळीत घातलं तर आत घसरून पुढे अडकतं. नळी रिकामी वाटते, मागून बारा बोअरचं घातलं जातं आणि नळी फुटते. म्हणूनच २० बोअरचं काडतूस पिवळ्या रंगाचं करतात. जुन्या विलायती दुनळींचे चेंबर बहुधा अडीच इंचांचे, आजची काडतुसं पावणेतीनची. आत जातात, बंदूक मिटतेही, पण उडाल्यावर काडतुसाचं तोंड उघडायला जागा नसल्याने दाब भलताच वाढतो. नळीवर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी असेल तर ती दमास्कस. ती काळ्या दारूच्या जमान्यातली, भिंतीवरच शोभते.

आता गोळीचा प्रकार. भाच्याला 'शिकारीची' सॉफ्ट नोज, म्हणजे मऊ टोकाची, आदळल्यावर पसरणारी गोळी हवी होती. मी विचारलं, शिकार कुठली? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बंद आहे. शिंदे सरकारांचं शिवपुरीचं रान आधी माधव राष्ट्रीय उद्यान झालं आणि २०२५ मध्ये व्याघ्र प्रकल्प. पिकात घुसणाऱ्या रोजड्यांसाठी (नीलगायींसाठी) सुद्धा आधी लेखी परवानगी लागते, तोंडी होकार चालत नाही. तेव्हा काम निशाण्याचं असेल तर भारी गोळीचा हट्ट सोडा. .२२ सारखा स्वस्त शिक्षक नाही. पण तीही दीड किलोमीटरहून लांब जाते, त्यामुळे मागे मातीचा बांध हवाच.

निशाणा विखुरतोय म्हणून लगेच काडतुसांना शिव्या देऊ नका. आधी दुर्बिणीचे स्क्रू तपासा, मग दस्त्याचे, मग नळी साफ करा. एवढं झाल्यावर काडतुसं. डब्यावरचा लॉट नंबर, म्हणजे कारखान्यातल्या खेपेचा आकडा, बघा, दोन लॉट मिसळू नका. एकच रायफल एका लॉटवर गोळ्या एकत्र बसवते आणि दुसऱ्यावर विखुरते, .२२ मध्ये तर हे नेहमीचंच. दोन-तीन प्रकारचे थोडे थोडे घ्या, टेकू देऊन पाच-पाच झाडा, कागद जपून ठेवा. ज्याच्या गोळ्या एकत्र बसल्या तो प्रकार तुमचा.

आणि हे तीन प्रसंग पाठ करा. चाप ओढला, टक् आवाज आला, बार नाही: नळी निशाण्याकडेच धरून किमान मिनिटभर थांबा, कारण बार उशिरा उडू शकतो. बार फुसका वाटला: लगेच थांबा, रायफल रिकामी करून नळीतून आरपार उजेड दिसतो का पाहा, गोळी मध्येच अडकली असेल तर पुढची गोळी नळी फाडते. बोल्ट जड उघडतोय आणि उडालेल्या काडतुसाच्या रिकाम्या पितळी नळकांड्याची टोपी चपटी दिसतेय: दाब जास्त आहे, तो डबा बंद. या तिसऱ्या प्रसंगी लोक बोल्टवर लाकडी हातोडा मारतात. मीही तरुणपणी मारलाय, म्हणून सांगतो.

पट्ट्यातल्या काडतुसांचं काय, हे भाच्याने शेवटी विचारलं. कचऱ्यात, विहिरीत किंवा शेकोटीत नाही. लायसन्स बरोबर घेऊन ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करायची आणि पावती घ्यायची. ठाण्यातल्या शिपायाने मोजली तेव्हा वीस नव्हे, एकोणीस निघाली. विसावं भाच्याच्या आईने देवघराच्या ड्रॉवरमध्ये, आजोबांची आठवण म्हणून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी परत जावं लागलं.