पानासारखं दिसलं म्हणजे ओकलीफ नव्हे: या चुका टाळा

दिवाळी सरली की कोयना, चांदोली, ठोसेघर भागातून 'ब्लू ओकलीफ सापडलं!' असे फोटो फिरू लागतात. ओकलीफ म्हणजे पंख मिटले की वाळकं पान वाटणारं फुलपाखरू. पंख मिटलेले, रंग वाळक्या पानाचा, मधोमध शीर. आणि निघतं भलतंच.

इथं सगळ्यात जास्त फसवते ती पीकॉक पॅन्सी, तेही फुलपाखरूच. पावसाळ्यात तिच्या पंखांच्या खालच्या बाजूला डोळ्यांसारखे ठिपके असतात. कोरड्या दिवसांतल्या पिढीत ते जवळपास नाहीसे होतात, पंखाला टोक येतं, मागे देठासारखी शेपटी आणि पानाच्या शिरेसारखी गडद रेघसुद्धा. म्हणजे ओकलीफची सगळी लक्षणं हजर! फरक उरतो आकाराचा. पॅन्सीचे पंख पसरले तर सहा सेंटिमीटरच्या आसपास, ओकलीफचे साडेआठ ते अकरा. त्यामुळे शेजारची काडी, पान फोटोत राहू द्या. नुसतं फुलपाखरू क्रॉप करून पाठवलं तर ओळखणाऱ्यानं आकार कशावरून ठरवायचा? मिटलेल्या पंखांवर समाधान मानू नका, उडतानाचेही दोन-चार फोटो घ्या, अगदी हललेले चालतील. वरून निळा पट्टा चमकला तर ओकलीफ, नारिंगी दिसलं तर पॅन्सी.

संध्याकाळी भाताच्या बांधावरून पायाजवळून उठतं आणि चार हातांवर पुन्हा पाचोळ्यात बसतं, ते फुलपाखरू बहुधा कॉमन ईव्हनिंग ब्राउन. त्याचा उन्हाळी रंग पुस्तकातल्या चित्राशी जुळवत बसू नका, एकासारखं दुसरं नसतं. पुढच्या पंखाच्या टोकाचा कोयत्यासारखा बाक बघा.

फळं टोचणारे काही पतंगही हुबेहूब पान दिसतात. मिशा बघा: फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला गाठ असते, पतंगाची दोऱ्यासारखी किंवा पिसासारखी.

ओकलीफ फुलांवर शोधण्यात वेळ जातो. त्याला झाडातून झिरपणारा रस आणि सडकी फळं आवडतात. अळ्या कारवीच्या कुळातल्या झुडपांवर वाढतात, म्हणून कारवीची रानं धुंडाळा. मात्र अभयारण्यात सडकी केळी मांडून ठेवायचा उद्योग नको.

उडालं तर मागे धावू नका. कुठं बसलं तेवढं हेरा, थांबा, मग हळू पुढं सरका. तरीही खात्री नसेल, तर नोंदीत तारीख, जागा आणि नावापुढं प्रश्नचिन्ह टाका. चुकीच्या नावापेक्षा ते कधीही परवडतं.